टुंड्रात भाजी नाही, भाकर नाही, मग खातात काय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी चार ओळींची एक चौकट दिली होती. आर्क्टिक टुंड्रात, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीच्या झाडं नसलेल्या गोठलेल्या मुलखात, वर्षाला जेमतेम १५० ते २५० मिलिमीटर पाणी पडतं, पाऊस आणि वितळलेला बर्फ सगळं धरून, म्हणजे हिशेबाने ते वाळवंटच, तरी उन्हाळ्यात पाय ठेवाल तिथं चिखल. बस एवढंच होतं. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की या महिन्याचं सगळं सदर मी त्यालाच देतोय. भुसावळला पारा ४५ च्या वर गेलेला असताना बर्फाच्या मुलखाबद्दल वाचावंसं वाटणारच, पण प्रश्न नुसते गंमत म्हणून विचारलेले नाहीत, लोकांनी आपापल्या शेतातून, कळपातून, चुलीजवळून विचारलेत, आणि मला ते फार आवडलं. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यातलं काही मी चुकीचं शिकवलं, तेही खाली कबूल केलंय.

सर, आमच्याकडे ७०० मिमी पाऊस पडतो तरी मार्चमध्ये विहिरी तळाला जातात. तिकडे २०० मिमीत चिखल कसा? आणि पाणी आहे तर झाडं का नाहीत?
– एक ताई, केळी बागायतदार, यावल तालुका

ताई, तुमच्या प्रश्नात विहीर आहे ना, उत्तर तिथंच आहे. आपल्याकडे पाणी मुरतं, खाली खाली जात राहतं, तुमच्या पट्ट्यात बोअर किती खोल गेलेत ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. टुंड्रात पाणी मुरतच नाही. उन्हाळ्यात वरची हात-दीड हात माती सुटी होते, काही ठिकाणी मीटरभर, आणि त्याच्याखाली जमीन दगडासारखी गोठलेली, हजारो वर्षांपासून. सलग दोन वर्षं तरी शून्याच्या खाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. अलास्काच्या उत्तर टोकाला ती काहीशे मीटर जाड आहे, सैबेरियात काही ठिकाणी तर दीड किलोमीटरपर्यंत. शेततळ्याला आपण खाली कागद अंथरतो तसा अख्ख्या मुलखाखाली कागद अंथरलाय असं समजा. त्यात थंडीमुळे बाष्पीभवनही कमी, म्हणून थोडं पडलेलं पाणी तिथंच साचून राहतं, तळी, डबकी, दलदल, आणि जुलैत त्या डबक्यांवर डासांचे ढग. हो, डास! आर्क्टिकमध्ये! माणूस काय, जनावरंसुद्धा त्यांना कंटाळून समुद्राच्या वाऱ्याकडे पळतात, त्याबद्दल पुढे साक्रीच्या पत्रात येईलच.

आता झाडं. झाडाला खोल मुळं पाहिजेत आणि खाली तर बर्फ. शिवाय ऊब पुरत नाही. ढोबळ नियम असा की जिथं जुलै महिन्याची सरासरी १० अंशांच्याही वर जात नाही तिथं जंगल संपतं आणि टुंड्रा सुरू होतो. वाढीला मिळतात साधारण ५० ते ६० दिवस. तुमच्या केळीला घड उतरेपर्यंत अकरा-बारा महिने लागतात, त्यावरून अंदाज करा. तरी तिथं विलोची एक जात आहे, आर्क्टिक विलो, झाडच आहे ते, पण उभं राहायचं सोडून जमिनीला चिकटून सरपटतं, उंची वीतभर नाही आणि वय मात्र अनेक दशकांचं. आणि एक गवत आहे ज्याला पांढरी बोंडं येतात, हुबेहूब आपला फुटलेला कापूस, त्याचं नावच कॉटनग्रास.

एक गोष्ट तुम्हाला नक्की ओळखीची वाटेल. मे महिन्यात आपली काळी माती आकसते आणि शेतभर भेगा पडतात, त्या भेगांचे पाच-सहा कोनी तुकडे होतात. टुंड्रात तेच होतं पण उलट्या कारणाने. तिथं जमीन हिवाळ्यातल्या थंडीने आकसून फाटते, वसंतात त्या भेगेत पाणी शिरतं, गोठतं, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तीच भेग फाटते, असं शेकडो-हजारो वर्षं चाललं की जमिनीत बर्फाच्या पाचरी तयार होतात आणि विमानातून पाहिलं तर सगळा मुलुख मोठमोठ्या बहुकोनी चौकटींनी भरलेला दिसतो, एकेक चौकट दहा-वीस मीटर रुंद. आपल्या ढेकळाच्या रानाचा फोटो मोठा करून बघावा तसं.

जगातली सगळ्यात थंड वस्ती टुंड्रातच असणार ना? आम्ही पैज लावलीय.
– तीन मित्र, भुसावळ

पैज कुणी कशी लावली माहीत नाही पण टुंड्रा म्हणणारा हरला. माणसं राहतात अशी सगळ्यात थंड गावं म्हणजे सैबेरियातली ओयम्याकोन आणि वेरखोयान्स्क. १८९२ च्या फेब्रुवारीत वेरखोयान्स्कला उणे ६७.८ अंश नोंदवलं गेलं, आणि ही दोन्ही गावं टुंड्रात नाहीत, तिथं भोवती सूचिपर्णी जंगल आहे. ओयम्याकोन तर आर्क्टिक वृत्ताच्याही दक्षिणेला येतं. कारण असं की टुंड्रा बराचसा समुद्राकाठी आहे, आणि समुद्र गोठलेला असला तरी खालच्या पाण्याची थोडी ऊब वर येत राहते. आत, समुद्रापासून लांब, ती मदत नाही. अलास्काच्या उत्तर टोकावरच्या उत्कियागविक गावात हिवाळ्याची सरासरी उणे २५ च्या आसपास असते, वेरखोयान्स्कला जानेवारीत उणे ४५ च्या आसपास.

मग टुंड्राला टुंड्रा बनवतो तो उन्हाळा, न तापणारा उन्हाळा. आणि वारा, ज्याला अडवायला एक झुडूपसुद्धा नाही.

बरं, तुम्ही भुसावळचे म्हणून हेही सांगतो, त्याच वेरखोयान्स्कला २० जून २०२० ला ३८ अंश तापमान होतं. आर्क्टिक वृत्ताच्या आत, ३८. जागतिक हवामान संघटनेने ते तपासून मान्य केलंय. आपल्याला ३८ म्हणजे मार्चमधला साधा दिवस, पण तिथं ते काय करतं ते खाली वाचा.

आम्ही नववीत आहोत. एस्किमो लोक अजून इग्लूत राहतात का?
– दोघी मैत्रिणी, शिरपूर

पोरींनो, हेच ते जे मी स्वतः चुकीचं शिकवलंय. फळ्यावर अर्धगोल काढायचो, बाजूला कुत्र्यांची गाडी, आणि सांगायचो की हे एस्किमोचं घर. दरवर्षी. आता दुरुस्त करून सांगतो.

आधी नाव. एस्किमो हे त्यांना बाहेरच्यांनी दिलेलं नाव आहे आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ते अपमानाचं वाटतं. कॅनडा आणि ग्रीनलंडचे लोक स्वतःला इनुइट म्हणतात, उत्तर अलास्कातले इन्युपियात, पश्चिमेकडचे युपिक. आणि टुंड्रात फक्त तेच नाहीत, नॉर्वे-फिनलंडकडे सामी आहेत, रशियात नेनेत्स, चुकची असे कितीतरी. टुंड्रा हा शब्दच मुळात सामी भाषेतून रशियनमार्गे जगात आला.

आता इग्लू. बर्फाच्या ठोकळ्यांचं ते घर खरं आहे, पण ते मुख्यतः मध्य कॅनडाच्या आर्क्टिक भागातलं, आणि बहुतेक ठिकाणी शिकारीच्या प्रवासात बांधायचा मुक्काम, आपल्याकडे रानात राखणीला खोपी घालतात तसा. ग्रीनलंडमध्ये आणि अलास्कात पिढ्यान्पिढ्या लोक राहिले ते दगड, देवमाशाची हाडं, वाहून आलेली लाकडं आणि गवतासकट कापलेली माती रचून केलेल्या घरात. तुमच्या आजोबांच्या गावात जुनं धाब्याचं घर असेल तर आत जाऊन उभ्या राहा, जाड भिंती, वर मातीचा थर, बाहेर आग ओकत असली तरी आत गारवा. युक्ती तीच, फक्त तिकडे ती ऊब आत ठेवायला वापरली. इग्लूत दार बुटकं आणि खाली, झोपायचा ओटा उंच, कारण थंड हवा जड, ती खाली बसते आणि ऊब वर राहते. दगडी पणतीत सीलच्या चरबीचं तेल, वात शेवाळाची किंवा त्या कॉटनग्रासच्या कापसाची. त्या दिव्याला कुलिक म्हणतात, आणि स्वयंपाक, उजेड, ऊब, ओले मोजे वाळवणं, सगळं त्या एका दिव्यावर, आणि तो सांभाळायचं काम घरातल्या बाईचं.

आज मात्र तिथं लाकडी घरं आहेत, शाळा आहे, इंटरनेट आहे, दाराशी स्नोमोबाईल उभी असते. घरं खांबांवर उचललेली असतात, कारण घराची ऊब खालच्या गोठलेल्या जमिनीला लागली तर ती वितळून घर कलतं. पाण्याची लाइन जमिनीत पुरता येत नाही, म्हणून कॅनडाच्या नुनावुत प्रांतात बऱ्याच गावांत पाण्याचा टँकर घरोघर येऊन टाकी भरतो आणि दुसरी गाडी सांडपाणी घेऊन जाते. टँकर काय असतो हे आपल्याकडे कुणाला समजवावं लागत नाही! हा नुनावुत १ एप्रिल १९९९ ला वेगळा प्रांत झाला, इनुइट लोकांनी अनेक वर्षं वाटाघाटी करून मिळवलेला. आकार महाराष्ट्राच्या सहापट आणि लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास, एकट्या चोपडा शहरात त्याहून जास्त माणसं राहतात. गावं पंचवीस, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ता नाही. विमान, नाहीतर उन्हाळ्यात बोट, नाहीतर गोठलेल्या समुद्रावरून.

भाऊ, त्या लोके खातस काय? तठे ना भाजी, ना भाकर.
– ७८ वर्षांच्या आजी, अमळनेर (नातवाने मेसेज टाइप केला)

आजी, मांस आणि मासे. सील, वॉलरस, देवमासा, कॅरिबू म्हणजे रानटी रेनडिअर, बदकं, मासे, आणि उन्हाळ्यात महिनाभर रानातली बोरं-बेरी. भाकर नाही हे खरं. तुम्हाला ऐकून कसंतरी होईल, आपल्यातल्या बऱ्याच माळकऱ्यांना हे वाचवणारही नाही, पण जिथं दाणा उगवत नाही तिथं माणूस दुसरं काय करणार.

डॉक्टर लोकांना खूप वर्षं कोडं होतं की भाजी-फळं न खाता ह्यांना स्कर्व्ही का होत नाही, युरोपातले खलाशी तर तिकडे जाऊन त्याच रोगाने मरत होते. उत्तर त्यांच्या ताटात होतं. देवमाशाची कातडी आणि खालची चरबी ते मक्तक म्हणून कच्ची खातात, तिच्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं, कच्च्या यकृतातही असतं. शिजवलं की ते बरंचसं जातं, म्हणून कच्चं खाणं ही गरज होती. ज्यांनी त्यांना रानटी म्हटलं त्यांचे दात पडत होते आणि ह्यांचे शाबूत होते.

मला सगळ्यात भावतं ते वाटून खाणं. उत्कियागविकला वसंतात बोहेड देवमाशाची शिकार होते, सीलच्या कातड्याने मढवलेल्या होडीतून, देवमाशांच्या शिकारीवर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कमिशनने ठरवून दिलेल्या कोट्यातच. जनावर पन्नास-पन्नास टनांचं, दोरखंड लावून सगळं गाव ते बर्फावर ओढतं आणि मग वाटे पडतात, कोणत्या होडीला कोणता भाग याचे जुने नियम आहेत, म्हाताऱ्यांना, विधवांना, सगळ्यांना वाटा जातो. जूनमध्ये नालुकाताक नावाचा सण करतात त्यात पुन्हा सगळ्या गावाला वाढतात. आपल्याकडे भंडाऱ्याला गाव जेवतं ना, तसंच. विकत नाहीत ते मांस, वाटतात.

आणि ठेवतात कुठे? पर्माफ्रॉस्टमध्ये खोल खड्डा खणून, शिडीने उतरायचं, वर झाकण. वीज नाही, बिल नाही, वर्षभर गोठलेलं. आपल्याकडे जुन्या वाड्यात धान्याची पेव असायची, तसं हे मांसाचं पेव. आता अलीकडे त्यात काही ठिकाणी पाणी झिरपायला लागलंय, काही पेवं ढासळली, मांस खराब होतं. दुकानात माल मिळतो, पण तो विमानाने नाहीतर उन्हाळ्यातल्या जहाजाने येतो, त्यामुळे साधी भाजी-फळंसुद्धा इतकी महाग की रोज घेणं सगळ्यांना परवडत नाही. म्हणजे आजी, तिथं उकाडा झाला की फ्रिज बंद पडतो अशी परिस्थिती आहे.

आम्ही ठेलारी, मेंढ्या घेऊन दिवाळीनंतर घाटाखाली उतरतो. तिकडे आमच्यासारखे कुणी आहेत का?
– एक तरुण, साक्री तालुका

आहेत भाऊ, आणि तुमचं पत्र वाचल्यापासून मला सारखं वाटतंय की तुमची आणि त्यांची गाठ पडली तर भाषा न येताही अर्ध्या तासात गप्पा सुरू होतील.

रशियाच्या उत्तरेला समुद्रात घुसलेली एक लांब जीभ आहे, यमाल नावाची. तिथल्या नेनेत्स भाषेत यमाल म्हणजे जमिनीचा शेवट. हे नेनेत्स लोक रेनडिअरचे कळप घेऊन फिरतात, हजारो माणसं आजही पूर्णवेळ. हिवाळ्यात दक्षिणेला, जंगलाच्या कडेला, कारण तिथं वारा कमी, सरपण मिळतं. वसंत लागला की उत्तरेला निघायचं, कळपामागून, गाभण माद्या पुढे असतात, वाटेत पाडसं होतात, आणि उन्हाळ्यात थेट कारा समुद्राच्या काठापर्यंत, कारण तिथल्या वाऱ्यात डास टिकत नाहीत. मग परत. काही कळपांची वर्षाची चाल हजार किलोमीटरच्या वर जाते. वाटेत ओब नदीचं अफाट मोठं मुख लागतं, ते गोठलेलं असताना वरून पार करायचं, उशीर झाला आणि बर्फ सुटला तर पलीकडे जाताच येत नाही.

बिऱ्हाड स्लेजवर, म्हणजे रेनडिअर ओढतात त्या बिनचाकी घसरगाडीवर. घर म्हणजे चूम, तीसेक लांब काठ्या शंकूसारख्या उभ्या करायच्या आणि वरून शिवलेली रेनडिअरची कातडी, हिवाळ्यात दुहेरी. उभारायचं काम बायकांचं, आणि त्या ते तासाभरात करतात, उणे तीसमध्ये. तुमच्याकडेही वाड्याचा सगळा पसारा बायाच घोड्यावर लादतात आणि नव्या जागी पुन्हा मांडतात, तर हे तुम्हाला नवीन नाही. सकाळी ओढीचे रेनडिअर पकडायला फासाचा दोर फेकतात, तुम्ही वाघर लावता तसं ते स्लेज आणि दोर लावून तात्पुरतं आवार करतात. कुत्रे आहेतच.

अंगात माल्यित्सा नावाचा लांब झगा, केसांची बाजू आत, त्यालाच टोपी आणि हातमोजे जोडलेले. रेनडिअरचा केस आतून पोकळ असतो, त्यात हवा कोंडलेली राहते, म्हणून ते कातडं इतकं ऊबदार. इनुइटही कॅरिबूच्या कातड्याचे दोन थर घालतात, आतल्याचे केस आत, बाहेरच्याचे बाहेर. थंडीत घाम येऊ देणं हे तिथं सगळ्यात धोक्याचं, ओलं कापड गोठतं. (एका वाचकाने विचारलं होतं किती स्वेटर घालतात, त्यांनाही हेच उत्तर.)

जनावर खातं काय? उन्हाळ्यात गवत-पाला, आणि हिवाळ्यात बर्फ खुराने उकरून खालचं लायकेन. लायकेन म्हणजे काय हे विचारायला लांब जायला नको, आपल्या काळ्या मसाल्यात जे दगडफूल पडतं ते त्याच घराण्यातलं. पण हे वाढतं वर्षाला तीन ते पाच मिलिमीटर. एकदा चरून संपलं की तीच जागा भरायला अनेक वर्षं जातात, म्हणून कळप हलता ठेवावाच लागतो, फिरणं ही हौस नाही. आणि एक सांगू, रेनडिअरच्या डोळ्याच्या मागचा पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्याच्या अंधारात निळा होतो, कमी उजेडात दिसावं म्हणून.

आता वाईट. नोव्हेंबर २०१३ मध्ये यमालवर बर्फ पडल्यावर पाऊस आला. तो पाऊस बर्फावर पडून गोठला आणि कुरणावर काचेसारखा कडक थर बसला. खूर मारून फुटेना. चारा खाली दिसतोय, तोंड पोचत नाही. साधारण ६१ हजार रेनडिअर उपाशी मेले. ज्याची दोनशे जनावरं एका हिवाळ्यात गेली त्या माणसाचं काय झालं असेल हे तुम्हाला मी काय सांगू, अवकाळी पावसात आणि गारपिटीत मेंढ्या गारठून मेलेल्या तुम्ही पाहिल्यात.

मग २०१६ चा उन्हाळा, तिथल्या मानाने भयंकर गरम. जमीन नेहमीपेक्षा खोल वितळली आणि जुन्या मेलेल्या जनावरांमधले काळपुळीचे जंतू मोकळे झाले असं मानलं जातं. तिथं कित्येक दशकं हा रोग दिसला नव्हता आणि लसीकरण काही वर्षांपूर्वीच थांबवलेलं होतं. दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले आणि नेनेत्स घरातला एक बारा वर्षांचा पोरगा गेला. बारा वर्षांचा. म्हणून भाऊ, तुमच्याकडे लसवाले आले की कंटाळा करू नका.

शिवाय यमालखाली नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे आहेत, त्यामुळे पाइपलाइन, रस्ते, रेल्वे आली आणि जुन्या वाटा तुटल्या. आपल्याकडे वनखात्याचं तारेचं कुंपण आणि नवीन चौपदरी रस्ता आला की वाट बदलावी लागते, तेच. मुलं शाळेसाठी वर्षातले बरेच महिने वसतिगृहात, आईबाप कुरणात. पोरगा शिकून परत कळपाकडे येईल का ही काळजी तिकडच्या चूममध्येही आहे.

दोन महिने सूर्यच उगवत नाही तर माणसं वेडी होत नाहीत का? आणि वेदांमध्ये उत्तर ध्रुवाचं वर्णन आहे हे खरं का?
– कॉलेजची विद्यार्थिनी, नंदुरबार

उत्कियागविकला १८ नोव्हेंबरच्या सुमाराला सूर्य मावळतो तो थेट २२-२३ जानेवारीला दिसतो. पण अगदी काळाकुट्ट अंधार चोवीस तास नसतो, दुपारी काही तास आपल्या पहाटेसारखं झुंजुमुंजू असतं, बर्फावर चंद्रप्रकाश पडला की लांबवर दिसतं. काही लोकांना उदास वाटतं, झोप बिघडते, हे खरंय. जुन्या काळी हा गोष्टींचा, गाण्यांचा, ढोल वाजवून नाचायचा मोसम. आणि मे ते ऑगस्टची सुरुवात एवढा काळ सूर्य मावळतच नाही, रात्री दोन वाजता मुलं बाहेर खेळताना दिसतात. सहा महिने दिवस सहा महिने रात्र हे फक्त ध्रुवावर, खाली येत गेलं की तो काळ कमी होतो.

दुसरं, लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये मांडलं होतं की वेदांतल्या लांबलचक उषेची वर्णनं ध्रुवाकडच्या प्रदेशातली असावीत. त्यांचा अभ्यास अफाट होता आणि त्या काळात हिमयुगाबद्दल जे माहीत होतं त्याच्या आधाराने त्यांनी ते मांडलं. आजचे पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि जनुकांचे अभ्यासक ते मान्य करत नाहीत. मलाही टिळकांबद्दल अतोनात आदर आहे, पण आदर आणि पुरावा वेगळे ठेवावेत.

हे सगळं ठीक, पण आपल्याला काय त्याचं?
– एक शेतकरी काका, पारोळा तालुका

काका, रागावून विचारलंत तरी प्रश्न बरोबर आहे. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलंय. बर्फ पांढरा, ऊन परत फेकतो, तो गेला की काळं पाणी ऊन पिऊन घेतं आणि आणखी तापतं, असं ते एकातून एक वाढत जातं. त्या गोठलेल्या जमिनीत हजारो वर्षांचा न कुजलेला पालापाचोळा, मुळं, मेलेली जनावरं पडलेली आहेत, त्यात कार्बन साधारण दीड लाख कोटी टन, हवेत आहे त्याच्या दुप्पट. वितळलं की उकिरड्यासारखं कुजायला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड, मिथेन बाहेर पडतो. तो वायू काही तिथंच थांबत नाही, तुमच्या कपाशीवरच्या उन्हात त्याचा वाटा येतो.

तिथल्या लोकांना तर आत्ताच गाव सोडावं लागतंय. अलास्कात न्यूटॉक नावाचं युपिक गाव होतं, खालची जमीन वितळली, नदीने काठ खाल्ला, लोकांना मर्टारविक नावाच्या नव्या जागी जावं लागलं, पहिली कुटुंबं २०१९ मध्ये गेली. धरणासाठी उठवलेली गावं आपण पाहिलीत, पुनर्वसन काय असतं ते तापीकाठच्या माणसाला ठाऊक आहे.

आणि काका, तुमची ज्वारीसुद्धा तिथं आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर डोंगराच्या पोटात शंभर मीटरच्या वर बोगदा खणून जगभरच्या पिकांच्या बियाण्यांची तिजोरी केलीय, २६ फेब्रुवारी २००८ ला उघडली. उणे १८ अंशांवर बियाणं ठेवतात, पण वीज गेली तरी भोवतालची गोठलेली जमीन त्याला सांभाळेल म्हणून ती जागा निवडली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेने ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग यांचे नमुने तिथं ठेवलेत. २०१६ च्या उबदार हिवाळ्यात त्या बोगद्याच्या तोंडाशी पाणी शिरलं होतं. आत बियाण्यापर्यंत पोचलं नाही, नंतर दुरुस्तीही झाली, पण ज्या जमिनीच्या भरवशावर बियाणं ठेवलं तिनेच पाणी सोडलं.

मला तिकडे जायचंय. कसं जाता येईल?
– इयत्ता अकरावी, सायन्स, चाळीसगाव

भारताचं तिथं स्वतःचं स्टेशन आहे, हिमाद्री नावाचं, त्याच स्वालबार्डवर नी-ऑलेसुंड गावात, उत्तर ध्रुवापासून साधारण १२०० किलोमीटरवर. आपली पहिली मोहीम २००७ ला गेली, स्टेशन १ जुलै २००८ ला सुरू झालं, आणि डिसेंबर २०२३ पासून आपले शास्त्रज्ञ हिवाळ्यातही तिथं राहायला लागलेत. हिमनद्या, हवा, समुद्र, सूक्ष्मजीव, आणि तिकडच्या बर्फाचा आपल्या मान्सूनशी काय संबंध, हे सगळे विषय आहेत. कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे. भूगर्भशास्त्र, भौतिकशास्त्र, हवामानशास्त्र किंवा जीवशास्त्र यातलं काही घेऊन एमएस्सी, मग पीएचडीकडे जा, संशोधनाचे प्रस्ताव त्या केंद्राकडून मागवले जातात. तोपर्यंत एक कर, या डिसेंबरात सातपुड्यात डाबला किंवा तोरणमाळला जा, थंडी कडक असली की तिथं पहाटे गवतावरचं दव गोठलेलं दिसतं. थर्मामीटर घेऊन जा, जमिनीलगतचं आणि डोक्याच्या उंचीवरचं तापमान दोन्ही वहीत लिही, आणि मला पाठव, मी पुढच्या अंकात छापतो.